आठव्या अंकातली ढाल

खाप्याच्या मोनाली गजभिये या शिक्षिकेचं पत्र वर्षभर दत्तोपंतांच्या टेबलावर उत्तराविना पडून होतं. अचाट शक्तीच्या सहा शिलेदारांच्या चित्रकथेत, सातव्या अंकात त्यांतल्या विद्युल्लतेची ढाल कन्हान नदीत बुडाली. मग नवव्यात ती तिच्या हातात कशी, एवढंच तिनं विचारलं होतं. कथा दत्तोपंतांचीच, आणि ढाल ते चक्क विसरले होते. लाजेनं त्यांनी उत्तरच दिलं नाही.

आज भिंग घेऊन त्यांनी आठवा अंक पुन्हा चाळला. अकराव्या पानावर, बाजाराच्या गर्दीत एक ढीवर मासे विकत होता. त्याच्या टोपलीवर झाकण म्हणून तीच ढाल होती आणि विद्युल्लता ती उचलून घेत होती. चित्रकार गोविंदानं चूक हेरली होती आणि चकार शब्द न काढता सांधली होती.

“सापडली!” दत्तोपंत ओरडले.

“काय हो, चष्मा?” यमुताईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“ढाल गं, ढाल!”

“वर्षभर तोंड लपवून बसलात, आता सगळा मोहल्ला गोळा कराल!”

दत्तोपंतांनी मोनालीला लिहिलं, ‘मी विसरलो होतो, गोविंदा नाही. आठवा अंक, पान अकरा, डावा कोपरा.’ मग भर उन्हात, ताठ मानेनं धरमपेठेतल्या टपालपेटीपर्यंत चालत जाऊन त्यांनी पत्र आत टाकलं.