वासराचे दहा

मी एक जुनी फीत आहे, मित्रांनो. शिंप्याच्या गळ्यात असते तशी नव्हे. माझे सारे आयुष्य गायींच्या छातीभोवती गेले. पुढच्या पायांच्या मागून मला गायीच्या अंगाभोवती गुंडाळले की माझ्या एका बाजूवर छातीचा घेर वाचता येतो आणि उलट बाजूवर, त्याच रेघेपाशी, गायीच्या वजनाचा अंदाज. माझा पिवळा रंग आता ताकासारखा फिका झाला आहे. एकशे साठ ते एकशे नव्वद यांमधले आकडे माणसांच्या अंगठ्यांनी पुसट करून टाकले आहेत. आणि पुढच्या टोकाला लाल फडक्याचा एक तुकडा शिवलेला आहे. त्या तुकड्याचीच ही हकीकत. आज ती सांगताना माझे मन हलके आहे. शिवण पडण्याआधी सांगितली असती तर तसे नसते.

कोणत्या देशातल्या कारखान्यात माझ्या कापडावर मेणचट थर चढवला गेला, हे मला ठाऊक नाही. आठवते ते एवढेच, की आम्ही बारा बहिणी एका खोक्यातून नैरोबीतल्या एका विमा कंपनीच्या कचेरीत पोहोचलो आणि तिथून बारा दिशांना पांगलो. मी किनांगोपच्या पठारावर करुरी नावाच्या माणसाच्या खिशात आले. जनावरांच्या विम्याचे दावे तपासणे हे करुरीचे काम. लोकांना वाटते, विमावाल्याचे काम कागदांचे. पण ज्या घरची गाय मेली त्या घरी पहिला पाहुणा करुरीच असे. रबरी बूट, लोकरी टोपी आणि चिखलाने माखलेली मोटरसायकल. तो आधी टोपी काढी आणि मग वही. घरच्या बाईने पुढे केलेला चहा संपेपर्यंत तो गायीविषयी अवाक्षर विचारीत नसे. ती किती दूध देई, कुणाच्या हाताला पान्हा सोडी, हे घरचेच आपण होऊन सांगू लागत. मग तो मला बाहेर काढी. नव्या गायींची विम्यात नोंद होई तेव्हाही मोजमाप तोच करी, कारण पठारावर कंपनीचा दुसरा माणूस नव्हता. त्या काळी लोक माझे कौतुक करीत. “ही पिवळी फीत खोटं बोलत नाही,” असे म्हणत.

माझ्या आयुष्यातला पहिला अपघात मात्र एका वासराने घडवून आणला. मुराया नावाच्या शेतकऱ्याच्या अंगणात करुरीने मला कुंपणावर टाकले होते आणि तो चहा पीत होता. तेवढ्यात माझे टोक कुणाच्या तरी उबदार, खरखरीत जिभेवर गेले. करुरी धावत आला तेव्हा माझे पहिले दहा सेंटीमीटर, पितळी टोपणासकट, वासराच्या पोटात पोहोचले होते.

मुराया कपाळाला हात लावून म्हणाला, “करुरीबाबा, आता हे वासरू मेलं तर दावा कुणावर करू? तुमच्यावर की तुमच्या फितीवर?”

“फितीचा विमा नाही रे,” करुरी म्हणाला. तोही घाबरला होता. दोन दिवस तो रोज त्या वासराला पाहायला गेला. वासराला काही झाले नाही. नव्या फितीसाठी केलेल्या अर्जाचेही काही झाले नाही.

मग करुरीने आपला मार्ग काढला. माझे कुरतडलेले टोक त्याने दहाच्या रेघेवर सरळ कापले. मोजताना तो दहापासून सुरुवात करी, आकडा वाची आणि मोठ्याने म्हणे, “दहा वासराचे.” एवढे म्हटले की दहा वजा करून वहीत लिही. पठारावर हे बोलणे सर्वांना पाठ झाले. दावा असो की नोंद, गुरे धरून उभ्या असलेल्या बाया त्याच्याबरोबर एका सुरात म्हणत, “दहा वासराचे.” हसणे होई, आणि हिशेबही बिनचूक राही. अशी चार वर्षे गेली.

न्यागुथी या बाईला सगळे गाथोनीची आई म्हणत. दूध संस्थेला दूध घालणाऱ्या सात घरांचा एक गट होता, मुराया त्यातलाच, आणि ती गटाची प्रमुख. विम्याला कुणी तयार नव्हते तेव्हा दारोदार फिरून तिनेच सगळ्यांना राजी केले होते. मग एका जूनमध्ये, त्या पठारावरच्या ऐन थंडीत, धुके गवतावरून उठत नव्हते अशा सकाळी, करुरीने त्या सात गायींची नोंद केली. न्यागुथीच्या शुक्रानी नावाच्या गायीच्या कानात बिल्ला मारला, तोंडाचे छायाचित्र काढले आणि वहीत छातीचा घेर लिहिला, एकशे अठ्ठ्याहत्तर.

मित्रांनो, तो आकडा लिहिला जात असताना मी करुरीच्या हातातच होते. काहीतरी राहिले आहे, हे मला कळत होते. पण फितीला आकडे असतात, तोंड नसते.

अकरा महिन्यांनी, भर दुपारी, चरत असलेल्या शुक्रानीवर वीज पडली. पशुवैद्याने तसा दाखला दिला. नियमाप्रमाणे बिल्ल्यासकट कान कापून मिठात ठेवला गेला. करुरी तासाभरात आला, त्याने टोपी काढली, चहा घेतला, आणि गाय तीच आहे ना हे पडताळण्यासाठी मला तिच्या छातीभोवती गुंडाळले. “दहा वासराचे,” तो हळूच म्हणाला. या वेळी कुणी हसले नाही. वहीत आकडा पडला, एकशे अडुसष्ट.

नैरोबीच्या कचेरीत हे दोन आकडे शेजारी शेजारी आले आणि तिसऱ्या दिवशी तिथले मकोखा साहेब स्वतः पठारावर आले. वयाने तरुण, बोलण्यात सौम्य, पण कामाला चोख. शहरातले बूट चिखलात रुतले तेव्हा मुरायाने त्यांना आपले रबरी बूट दिले. ते दोन मापांनी मोठे होते. न्यागुथीच्या अंगणात गटातली सगळी माणसे जमली होती.

“बाई,” मकोखा म्हणाले, “मेल्यावर गाय फुगते, आटत नाही. तुमची गाय दहा सेंटीमीटरने आटली. याचा अर्थ मेली ती गाय वेगळी, लहान. बिल्ला काढून तिच्या कानात घातला, असंच कुणीही म्हणेल.”

“कुणीही म्हणू दे,” न्यागुथी म्हणाली. “तुम्ही काय म्हणता ते सांगा.”

“मला कागदावर दिसतं तेच म्हणावं लागतं.”

“कागदावर तिचं छायाचित्र आहे ना?”

“काळं-पांढरं तोंड आहे. येताना रस्त्यात मी तशी चाळीस तोंडं पाहिली.”

ती आत गेली आणि वनस्पती तुपाचा जुना डबा घेऊन आली. झाकण काढून तिने तो साहेबांसमोर धरला. मिठात शुक्रानीचा कान होता. “भोक पाहा. एकदाच पाडलेलं आहे. दोनदा पाडलं असतं तर फाटलं असतं.” तिने डबा साहेबांच्या आणखी जवळ धरला. “गाय माझी मेली, आणि वर चोरही मीच? उद्या संस्था या सातही घरांचं दूध परत पाठवील. यांना विम्यात मी आणलं, साहेब. मी कुणाला तोंड दाखवू?”

मकोखांनी करुरीकडे पाहिले. “दोन्ही आकडे तुमच्याच अक्षरात आहेत. तुम्हाला काय वाटतं?”

करुरीने टोपी कपाळावर ओढली. मी त्याच्या खिशात होते, म्हणून मला ठाऊक आहे: तीन दिवस तो त्या आकड्यांवर विश्वास ठेवून होता. दुसऱ्याच्या हस्ताक्षराचा संशय आला असता. स्वतःच्या हस्ताक्षराचा येत नाही. अंगणात आल्यापासून त्याने न्यागुथीच्या नजरेला नजर दिली नव्हती.

“आज कसे गप्प, करुरीबाबा?” ती कडवटपणे म्हणाली. “नोंदीच्या दिवशीही असेच मुके होतात. तेव्हा निदान घसा तरी बसला होता. मी मध घालून गरम पाणी दिलं, ते प्यायलात, हातवारे करत सात गायी मोजल्यात आणि गेलात. आज कुठलं पाणी देऊ?”

करुरीचा हात खिशात आला. त्याचा अंगठा माझ्या कापलेल्या टोकावर फिरला आणि तिथेच थांबला.

“मी बोललो नव्हतो,” तो म्हणाला.

“अगदी मुके झाला होतात तुम्ही,” मुराया म्हणाला. “आम्ही किती हसलो होतो.”

“नाही रे. मी ‘दहा वासराचे’ म्हणालोच नव्हतो.”

मकोखांना काही कळेना. करुरीने मला बाहेर काढून त्यांच्या हातात दिले आणि वासरापासून सगळे सांगितले. पाच वर्षे ती वजाबाकी त्याच्या हातात नव्हती, जिभेवर होती. ज्या दिवशी जीभ बंद पडली त्या दिवशी वजाबाकीही बंद पडली. त्याची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. हे सारे न सांगता तो घरी जाऊ शकला असता, हे तिथे फक्त त्याला आणि मला ठाऊक होते.

“हे तुम्ही म्हणता,” मकोखा म्हणाले. “मी ते कशावरून मानू?”

“त्या दिवशी सात गायी मोजल्या. एक मेली. सहा इथेच आहेत, पूर्ण वाढलेल्या आहेत. तुम्ही स्वतः मोजा.”

मुरायाने आपली गाय ओढत आणली. “घ्या, साहेब. माझी तर जिवंत आहे. हिलाही खोटी ठरवून टाका.”

मकोखांनी मला गायीभोवती गुंडाळले. त्यांना सवय नव्हती. गायीने दोनदा शेपटी त्यांच्या तोंडावर मारली. मी जमेल तेवढी सरळ राहिले. आयुष्यात इतके ताठ मी कधी बसले नसेन. त्यांनी माझ्यावरचा आकडा वाचला, दहा वजा केले आणि वही उघडली. नोंद एकशे चौऱ्याऐंशी, आजचे माप एकशे चौऱ्याहत्तर. दुसरी गाय नऊने कमी निघाली, तिसरी दहाने, चौथी अकराने. सहावी झाली तेव्हा मकोखा एका पालथ्या खोक्यावर बसले आणि कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, “जिवंत गायीही आटल्या. सगळ्या गटाने मिळून गायी बदलल्या, असं लिहिलं तर मलाच घरी पाठवतील.”

न्यागुथी तशीच डबा धरून उभी होती. मग तिने झाकण लावले, डबा खाली ठेवला आणि ॲप्रनच्या टोकात तोंड लपवले. करुरीने टोपी काढली.

“गाथोनीच्या आई, माझी चूक होती.”

“कळलं,” ती ॲप्रनआडूनच म्हणाली. “टोपी घाला. पुन्हा घसा बसेल, आणि पुन्हा मी चोर होईन.”

अंगणभर हसू पसरले. तीन दिवस सगळ्यांच्या छातीत अडकलेला श्वास त्या हसण्यातून बाहेर पडला. माझाही पडला असेल, जर फितीला श्वास असेल तर.

मकोखांनी तिथेच दावा मंजूर केला. शुक्रानीचे मोल खऱ्या मापाप्रमाणे धरायचे आणि वाढीव नोंदीमुळे सातही घरांकडून जास्त घेतलेला हप्ता परत करायचा, असे ठरले. मग ते म्हणाले, “करुरी, तुमची चूक मला लिहावी लागेल.”

“लिहा. स्वच्छ अक्षरात लिहा,” करुरी म्हणाला. “आणि जमलं तर फितीच्या अर्जाचंही लिहा. पाच वर्षं झाली.”

“नवी फीत मी मागवतो.”

“ती येईपर्यंत माझी गाय म्हातारी होईल,” मुराया म्हणाला.

न्यागुथीने डोळे पुसले आणि मकोखांच्या हातातून मला काढून घेतले. “पाच वर्षं एवढी माणसं उन्हात उभी राहून वजाबाकी करतायत, आणि एकालाही सुईदोरा सुचला नाही.” तिने जुन्या ॲप्रनची लाल पट्टी कापली, गाथोनीच्या शाळेच्या पट्टीने दहा सेंटीमीटर तंतोतंत मोजले आणि माझ्या टोकाला दुहेरी टीप घालून शिवले. सुई लागली, पण दुखले नाही. मग शंभरच्या रेघेपर्यंत पट्टीवरचे दहा सेंटीमीटर दहा वेळा मोजून तिने मला पडताळून पाहिले. पाच वर्षांनी मी पुन्हा पूर्ण झाले होते.

करुरीने खात्रीसाठी मला मुरायाच्या गायीभोवती गुंडाळले. लाल टोक, पिवळे अंग. “एकशे चौऱ्याहत्तर,” त्याने वाचले आणि सवयीने पुढे म्हणाला, “दहा वासराचे...”

सगळे अंगण एका सुरात म्हणाले, “वासराने परत दिले.”

नवी फीत पुढे खरोखर आली. ती करुरीच्या कचेरीत खिळ्याला टांगलेली आहे. तिचे पितळी टोपण चकाकते. काही महिने मीही तिच्याशेजारी लोंबत धूळ खात होते आणि आपले दिवस भरले असे मानून चालले होते. पण न्यागुथीने नवी गाय घेतली तेव्हा ती करुरीला म्हणाली, “जिने मला सोडवलं, तिनेच हिला मोजा.” त्या दिवसापासून मी तिच्या घरी, चुलीपासून दूर, कोरड्या भिंतीवर असते. गटातली वासरे वाढतात तशी ती मला बाहेर काढते. वासरू जवळ आले की मात्र माझे टोक आधी मुठीत धरते.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी उणी वस्तू असेल: पाय लंगडा झालेले स्टूल, मागे पडणारे घड्याळ, टोक तुटलेली पट्टी. तिचे उणेपण लक्षात ठेवून काम चालवणारे माणूस फार कुशल असते, पण त्याचाही एखाद्या दिवशी घसा बसतो. म्हणून ती वस्तू वेळेवर दुरुस्त करा. आम्ही मुक्या वस्तू स्वतः काही सांगू शकत नाही, आणि आमच्या मुकेपणाचा भार शेवटी कुणातरी निरपराध माणसावर पडतो. सुई, दोरा आणि वीतभर लाल कापड एवढेच लागते. बाकीचे आकडे आमचे आम्ही सांभाळतो.