न घातलेल्या कड्या

तिने वटवट्याला जाळीतून सोडवलं, मान दोन बोटांत धरून पोटाच्या पिसांवर फुंकर मारली, चरबी पाहिली आणि पायात कडी न घालताच मूठ उघडली. भुर्रकन तो बांधावरच्या झुडपांत शिरला.

पावसाळा सरत आला होता. दक्षिणेकडे निघालेले पक्षी दरवर्षीसारखे या सूर्यफुलांच्या शेतात उतरले होते. नव्या रस्त्याची आखणी याच शेतातून झाली होती. स्थलांतर करणारे पक्षी पुरेसे सापडले, तरच रस्ता वळणार होता. सापडले की नाही, ते तिची वही ठरवणार होती; आणि पायात कडी घातलेला पक्षीच वहीत चढायचा.

सात वर्षांपूर्वी याच बांधावर तिचा नवरा जाळी लावत असताना शेतकऱ्याने फवारणी सुरू केली. हाकसुद्धा मारली नाही. नवऱ्याची छाती बिघडली ती बिघडलीच. शेवटची दोन वर्षं तो उशांना टेकून, बसूनच झोपला. ‘तो तिथे आहे हे मला ठाऊकच नव्हतं,’ एवढं चौकशीत सांगून शेतकरी मोकळा झाला. पुन्हा दारात फिरकला नाही.

आज मात्र सकाळपासून थर्मास घेऊन तो तिच्या मागेपुढे करत होता.

“वहिनी, चहा?”

“नको.”

“किती झाले?”

“तीन.”



“मी एक्केचाळीस मोजले.”

“मोजा की. वही माझ्याकडे आहे.”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तिला बरं वाटलं, अगदी पोटातून. पुढचा पक्षीही तिने तसाच सोडला. मुद्दाम, त्याच्या डोळ्यांदेखत.

तो बांधावर खाली बसला. एक ढेकूळ हातात घेऊन कुस्करत राहिला.

“त्याची टोपी दिसली होती मला,” तो म्हणाला. “पंप एकदा बंद पडला की लवकर चालू व्हायचा नाही. म्हटलं, होईल तो बाजूला.”

तिची बोटं जाळीतच थांबली. झुडपांत पक्ष्यांचा नुसता कलकलाट चालला होता.

तिने वही उघडून त्याच्यापुढे धरली.

“खाली जमीनमालकाची सही लागते.”

त्याने आकडा वाचला. तीनच होता. वही गुडघ्यावर टेकवून सही केली, पेनाला टोपण लावून ते परत दिलं.

“जाळी गुंडाळू लागू का?”

तिने मान वळवली नाही.

“आधी दोऱ्या एकत्र घ्या,” ती म्हणाली. “नाहीतर गुंता होतो.”