चौथ्यांदा मागितलेलं पुस्तक

मित्रांनो, मी एक म्हातारा टेपरेकॉर्डर आहे आणि मी सूड घेतलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मला कुणी बिचारा म्हणायला नको.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून लाकडी खोक्यात बसून मी नदीकाठच्या नियामे शहरातल्या एका विद्यापीठात आलो. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं बोलणं टिपून ठेवायचं, हे माझं काम. तेव्हा माझे कान इतके तिखट होते की नदीत पाणघोड्याला उचकी लागली तर ती मला तिसऱ्या मजल्यावर ऐकू येई. खोटं वाटत असेल तर पाणघोड्याला विचारा.

तिथे इंग्रजी शिकवणाऱ्या ऊमूल बाई मला रोज कापसाने पुसायच्या. मुलांना म्हणायच्या, "याच्याशी नीट वागा रे, तुमच्यापेक्षा जास्त इंग्रजी ऐकून बसलाय तो." पुढे त्या विभागप्रमुख झाल्या, वरच्या मजल्यावर गेल्या, आणि माझ्या नशिबी लावाली सर आले.

लावाली सर परदेशात शिकून आलेले. चवळीचे तेलकट वडे खायचे आणि त्याच बोटांनी माझी बटणं दाबायचे. फीत अडकली की माझ्या कानशिलात एक ठेवून द्यायचे. मी त्यांच्या दोन-चार कॅसेटी चावून टाकल्या, पण तेवढ्याने माझा राग काही शमेना.

त्यांचा आवडता विषय म्हणजे नम्र विनंती. "इंग्रज माणूस कसा मागतो? आडून, हळू, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवून! तुमच्यासारखं आधी आजीची तब्येत, मग शेळीची तब्येत आणि मग 'दे इकडे', असं नाही."

त्या वर्षी वर्गात राकिया होती. दोस्सो गावाकडची, झर्मा जमातीची मुलगी. तोंडी परीक्षेत नापास झाली तर तिची शिष्यवृत्ती बंद होणार होती आणि शिक्षणही तिथेच थांबणार होतं. आठ दिवस ती माझ्यासमोर बसून एकच विनंती घोकत होती. मला तर ती झोपेतही पाठ झाली.

परीक्षेत सरांकडे पुस्तक मागायचं होतं. मी फीत फिरवत सगळं टिपत होतो.

"सर, आपली हरकत नसेल तर ते पुस्तक मला आठवडाभर मिळू शकेल का?" राकियाने इंग्रजीत विचारलं.

"नाही."

"निदान दोन दिवस? मी फार आभारी राहीन."

"नाही."

"मग इथेच बसून वाचलं तर चालेल का, सर?"

"नाही म्हटलं ना!"

राकियाजवळची घोकलेली वाक्यं संपली. मग तिच्या तोंडून घरचंच निघालं. "ए आमच्या गुलामा! चवळीखाऊ माउरी! मालकाच्या लेकीला नाही म्हणतोस? आण ते पुस्तक!"

मित्रांनो, झर्मा आणि माउरी या दोन जमातींत पिढ्यान् पिढ्यांचं थट्टेचं नातं आहे. एकमेकांना गुलाम म्हणायचं आणि हवं ते मागायचं. अशा मागण्याला नाही म्हणता येत नाही. जो रागावेल त्याने माफी मागायची. लावाली सर स्वतः माउरी. ते हसतील, पुस्तक देतील, असं तिला वाटलं.

"बाहेर हो! शून्य!" सर ओरडले.

आणि कागदावर त्यांनी लिहिलं, 'विद्यार्थिनीने विनंती केलीच नाही, थेट शिवी दिली.'

राकिया रडत ऊमूल बाईंकडे गेली. बाईंनी सरांना निरोप धाडला, "उद्या टेप घेऊन या. ऐकूनच ठरवू."

सर भरदुपारी धावत आले. त्यांनी फीत मागे नेण्याचं बटण दाबलं. मी नुसतंच घुर्र घुर्र केलं आणि तसूभर हललो नाही. सरांना वाटलं, फीत सुरुवातीला आली. पोरीचा आवाज पुसायला त्यांनी टिपण्याचं बटण दाबलं. तिच्या आवाजाच्या पुढे मी आता त्यांचाच आवाज टिपू लागलो.

तेवढ्यात हमानी पहारेकऱ्याने दारातून डोकं घातलं. तोही झर्मा. "काय रे गुलामा, मालकाच्या यंत्राला काय छळतोस? आण ते वडे!"

सर खदखदून हसले. "गुलाम कोण ते तुझ्या बापाला विचार जा! घे, सगळे घे. आणि ओरडू नकोस, त्या पोरीची टेप पुसतोय."

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत मी गायलो. इतक्या मोठ्याने गायलो की खाली बाजारातल्या उंटांनी माना वळवल्या. आधी राकियाच्या तीन विनंत्या, मग चौथी, मग हमानी, वडे, हसणं आणि ते शेवटचं वाक्य. सरांचा चेहरा असा झाला की मला खाल्लेली प्रत्येक चपराक वसूल झाल्यासारखी वाटली.

"तीन विनंत्या चोख आहेत. राकिया पास," बाई म्हणाल्या. "आणि लावाली, रागावला होतात ना? मग मागा माफी. इंग्रजीत. नम्रपणे."

सर उठले. "राकिया, आपली हरकत नसेल तर मला क्षमा मिळू शकेल का?"

"नाही," राकिया म्हणाली.

"मी अत्यंत आभारी राहीन..."

"नाही."

"निदान थोडीशी?"

"नाही म्हटलं ना!"

सरांनी घाम पुसला. मग एकदम आपल्या भाषेत ओरडले, "अगं ए आमच्या घरच्या मोलकरणी! कर माफ आणि सोड मला!"

"आता कसं माणसासारखं मागितलंस!" राकिया हसली आणि तिने माफ केलं.

मी नाही केलं. आजही सर समोर आले की मी फीत अडकवतो. ते हात उगारतात, आणि बाईंच्या खोलीकडे बघून खाली घेतात. त्या घटकेला मला फार बरं वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादं जुनं यंत्र कोपऱ्यात पडलं असेल. आजच त्याच्यावरून एक फडकं फिरवा. प्रेमाने फिरवा असा माझा आग्रह नाही. भीतीने फिरवलंत तरी चालेल.