खिडकीच्या गाण्यातला श्वास

आमच्या निवडक प्रेमगीतांचा अल्बम काढायचं कंपनीने ठरवलं, तेव्हा पहिलं भांडण झालं ते मुखपृष्ठावरून. कंपनीला आमचा जुना फोटो हवा होता, ज्यात हिरो माझ्याकडे बघतोय आणि मी भलतीकडेच. हिरोचं म्हणणं, त्यात तो जाडा दिसतो. मी म्हटलं, बाबा रे, जाडा तू आता आहेस, तेव्हा नुसता गोंधळलेला होतास. मग तो रुसला आणि फोटो तोच राहिला.

हिरो म्हणजे माझा गाण्यातला जोडीदार. कॉलेजच्या नाटकात एकदा हिरोचं काम केलं आणि ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. आम्ही दोघांनी मिळून आयुष्यभर फक्त प्रेमाची गाणी गायली. भेटीची, ताटातुटीची, रुसव्याची, पुन्हा भेटीची. लोकांना आम्ही नवरा-बायकोच वाटायचो. त्याची खरी बायको दातांची डॉक्टर आहे. पेशंट खुर्चीत आडवा पडून तिला आमच्याबद्दल विचारायला लागला की ती म्हणायची, तोंड उघडं ठेवा, बोलू नका. मला मुलाखतींत विचारायचे, तुम्ही दोघांनी लग्न का नाही केलं? मी सांगायचे, इतकं प्रेम माइकसमोर करून झाल्यावर घरी न्यायला काय उरतं? लोक हसायचे. मला हसवायला आवडतं, आणि खरं सांगायचं तर मला टाळ्या त्याहून जास्त आवडतात.

या सगळ्या गाण्यांत एक गाणं असं, की ते नसतं तर आम्हाला कुत्रं विचारत नव्हतं. त्याचं खरं नाव आता कुणाच्या लक्षात नाही, सगळे त्याला खिडकीचं गाणं म्हणतात. त्याच्या शेवटच्या कडव्यात एक ओळ आहे, जिथे माझा आवाज वर चढतो, चढतच जातो आणि तिथेच थांबतो. लोक तिला नुसतं ‘ती जागा’ म्हणतात. दुकानात भाजी घेताना बायका मला म्हणायच्या, अहो, ती जागा एकदा घ्या ना. मी म्हणायचे, आधी टोमॅटो नीट निवडू द्या.

माझं दुःख असं, की ती जागा माझ्याकडून हरवली होती. गाणं गाजल्यानंतरच्या पहिल्याच दौऱ्यात ती लागेना. थकवा असेल म्हटलं. मग घसा, मग वय. डॉक्टर झाले, काढे झाले, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या. स्टेजवर आम्ही गाणं खालच्या पट्टीत आणलं आणि त्या ओळीला मी माइक प्रेक्षकांकडे वळवायला लागले. त्यांना वाटायचं, बाईंचं आपल्यावर केवढं प्रेम. पण रोज सकाळी मी तो सूर परत मिळवायला बसायचे. आणि माझ्यासमोर बसायची छोटी.

छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. एकेकाळी आमच्या कोरसमध्ये गायची. मग एकदम गाणं सोडलं आणि कपडे शिवायला लागली. माझ्या इमारतीतच खालच्या मजल्यावर राहते आणि तिथेच तिचं मशीन आहे. सकाळी गरम पाण्याचा थर्मास घेऊन वर यायची, माझा रियाज ऐकायची आणि जाताना म्हणायची, “ताई, आज जवळ गेलीस.” त्या एका वाक्यावर माझा दिवस निघायचा. गाणं का सोडलंस म्हणून मी तिला चारचौघांत कितीदा टोमणे मारले असतील. गळ्यात सूर असून आळशीपणा करते, म्हणायचे. ती टाचणी दातांत धरून हसायची.

तर अल्बम. कंपनीच्या बाईंनी सुचवलं की शेवटी खिडकीचं गाणं पुन्हा द्यायचं, पण वाद्यांशिवाय. जुन्याच रेकॉर्डिंगमधले फक्त आमचे दोन आवाज. मी उडीच मारली. आता तो सूर माझ्याकडे नाही, पण होता, हे जगाने उघड्यावर ऐकावं असं मला फार वाटलं. हिरोने मात्र नाक मुरडलं. लोकांना गिटार आवडते, नुसते आवाज कोरडे लागतील, जुनी टेप खराब झाली असेल. मी म्हटलं, तुझे बारीकसारीक बेसूर उघडे पडतील म्हणून घाबरतोस होय? तो गप्प बसला. तो गप्प बसला की आपण जिंकलो, असा माझा जुना समज.

स्टुडिओत गेलो तेव्हा साउंड इंजिनिअरने सगळं तयार ठेवलं होतं. टक्कल पडलेला, मऊ बोलणारा गृहस्थ, आमची गाणी ऐकत मोठा झालेला. त्याने लावलं आणि मी ऐकलं. आवाज लख्ख होता, पण काहीतरी मेलं होतं. दोन ओळींच्या मधे नुसती पोकळी. मी विचारलं, श्वास कुठे गेले? तो चाचरत म्हणाला की सरांनी सांगितलं होतं, सगळे श्वास साफ करून टाका म्हणून.

आता हे हिरोला पक्कं माहीत आहे, की माझ्या गाण्यातला श्वास कापलेला मला चालत नाही. माणूस श्वास घेतो म्हणून गातो. आमच्या प्रत्येक रेकॉर्डिंगला यावरून माझी कुणाशी ना कुणाशी जुंपायची. मी इंजिनिअरला म्हटलं, सगळे परत घाला, आणि माझा आवाज एकटा लावा. हिरो सोफ्यावरून उठला. कॉफी आणतो म्हणाला. समोर भरलेला कप होता.

मी हेडफोन लावले. पहिलं कडवं माझं. श्वास घेताना मी मान माइकपासून वळवते, मला गाणं शिकवणाऱ्या अगदी पहिल्या बाईंनी लावलेली सवय, त्यामुळे माझा श्वास दुरून आल्यासारखा येतो. दुसरं कडवंही माझं. मग शेवटचं आलं. त्या ओळीच्या आधी कुणीतरी थेट माइकमध्ये नाकाने श्वास घेतला, आणि त्याच्या शेवटी बारीक शिट्टी वाजली.

लहानपणी छोटी जिन्यावरून पडली होती, तेव्हा तिच्या नाकाचं हाड जरा वाकडं झालं. आम्ही दोघी एका पलंगावर झोपायचो. त्या शिट्टीने मला झोप यायची नाही. मी तिला कुशीवर वळवायचे, मग ती थांबायची, मग पुन्हा सुरू. ती शिट्टी मला लाखांत ओळखू येईल.

आणि शिट्टीनंतर ती ओळ वर चढली, चढतच गेली आणि तिथे थांबली. किती सहज. मी त्या सुरासाठी देव पाण्यात घालून बसले होते आणि इथे तो कुणीतरी खुंटीवरचा टॉवेल काढावा तसा काढून घेतला होता.

मी पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. मग हेडफोन काढले. हिरो दारात उभा होता, हात रिकामेच.

“ही छोटी आहे,” मी म्हटलं.

त्याने नाही म्हटलं असतं तर मी कदाचित त्याच्यावर विश्वास ठेवला असता. इतक्या वर्षांची सवय होती. पण तो म्हणाला, “आता कशाला काढतेस ते?”

मग त्याने सगळं सांगितलं, इंजिनिअरसमोरच. रेकॉर्डिंगच्या त्या आठवड्यात मला ताप होता, घसा सुजला होता. ती एक ओळ सोडून सगळं गाऊन झालं होतं, ती मी पुन्हा पुन्हा गात होते आणि ती पुन्हा पुन्हा तुटत होती. शेवटी तो म्हणाला की हा टेक चांगला झाला, घरी जा. मी गेले. छोटी माझं औषध घेऊन आली होती, ती मागे राहिली. त्याने तिच्याकडून ती ओळ गाऊन घेतली, तात्पुरती, मी बरी होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी मला ऐकवून सांगायचं ठरलं होतं. त्यांनी ऐकवलं आणि कुणी तोंड उघडायच्या आत मीच टाळी वाजवून म्हणाले, बघा, आला की नाही शेवटी! आणि इतकी खूश झाले की सगळ्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं.

“कोणत्या तोंडाने सांगणार होतो?” हिरो म्हणाला.

मला ते आइस्क्रीम आठवलं. छोटीने खाल्लं नव्हतं, घसा दुखतोय म्हणाली होती. त्या दिवशी नाही सांगता आलं, मी एकवेळ समजू शकते. पण दुसऱ्या दिवशी? पुढच्या वर्षी? मी काढे पीत होते तेव्हा? डॉक्टर नाकातून नळी घालून माझा घसा बघत होता, तेव्हा हाच माणूस बाहेर बाकावर माझी पर्स धरून बसला होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी त्याला म्हटलं, तू माझ्याबरोबर एवढी प्रेमगीतं गायलास, त्यातला एक शब्द तरी तुला कळला होता का? मी पर्स उचलली आणि निघाले.

घरी न जाता सरळ छोटीकडे गेले. अल्बमच्या कार्यक्रमासाठी ती माझा झगा शिवत होती. मी दार ढकललं, ती म्हणाली, बरं झालं आलीस, उभी राहा, कंबरेत बघू दे. आणि मी, जी तिला जाब विचारायला आले होते, मुकाट्याने स्टुलावर उभी राहिले. बहिणींचं असं असतं. तिने झगा माझ्या अंगावर चढवून चारी बाजूंनी टाचण्या लावल्या. बोलायची वेळ आली तेव्हा मला हलताही येईना. हललं की टोचायचं.

“श्वास ऐकला मी तुझा,” मी म्हटलं. “खिडकीच्या गाण्यातला.”

तिचा हात थांबला. तिने वर पाहिलं नाही. हिरोने तिला फोन केला होता हे तिच्या कानांवरून कळलं, रडली की तिचे कान लाल होतात. ती हळूहळू बोलायला लागली. हिरोने तेव्हाच सांगितलं होतं, की तू कुठेही चार ओळी जरी गायलीस तरी लोकांना कळेल तो आवाज कुणाचा, आणि ताई संपेल. म्हणून तिने गाणं सोडलं. माझ्यासाठी सोडलं, म्हणाली.

मला राग अनावर झाला. मी काय तिला सोडायला सांगितलं होतं? माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट त्या दोघांनी माझ्या पाठीमागे ठरवली, आणि वर उपकार माझ्यावर. मी ओरडले असते, पण कंबरेत टाचणी रुतली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. इंजिनिअर होता. बिचारा अवघडून विचारत होता की मॅडम, शेवटच्या गाण्याचं काय करू? सर म्हणतात श्वास काढून टाका, कुणाला काही कळणार नाही. छोटीला सगळं ऐकू जात होतं. ती माझ्याकडे बघून मान हलवत होती. काढायला सांग, काढायला सांग.

एक शब्द बोलायचा अवकाश होता. तो सूर माझ्या नावावर राहिला असता, मी मेल्यानंतरसुद्धा.

“ठेवा,” मी म्हटलं. “आणि ती ओळ माझ्या बहिणीने गायली आहे, तसं कव्हरवर छापायला सांगा. कंपनीच्या बाईंशी मी बोलते.”

हे मी मोठ्या मनाने केलं असं कुणी समजू नये. मन त्या वेळी अगदी एवढंसं झालं होतं. त्या दोघांनी इतकी वर्षं झाकून ठेवलेलं मला उघडं करायचं होतं, मग त्यात माझी शोभा झाली तरी बेहत्तर.

छोटी खाली फरशीवर बसली. “लोक तुला हसतील गं,” म्हणाली.

“हसू देत. तू एकटीच किती दिवस हसणार?”

“मी कधी हसले नाही.”

ते खरं असावं. मशीनवर माझ्या झग्याची एक बाही पडली होती, शिवायची राहिलेली. मग जे विचारायचं नव्हतं तेच तोंडून निघालं.

“छोटे, रोज सकाळी तू म्हणायचीस, ताई, आज जवळ गेलीस. गेले होते का गं मी कधी जवळ?”

तिने दातांतल्या टाचण्या काढल्या आणि एकेक करून सुया खोचायच्या छोट्या उशीला टोचल्या. सगळ्या संपेपर्यंत मी वाट पाहिली.

“नाही, ताई,” ती म्हणाली.

मी हात वर केले. तिने उठून झगा टाचण्यांसकट माझ्या अंगावरून काढून घेतला.