लग्नाच्या पंगतीतली माणसं

शनिवारचा खेळ रिकामा गेला, तर थिएटरवाला शर्लीचा सिनेमा रविवारी उतरवणार होता. आमच्या गिरीज गावच्याच या पोरीनं तो इथल्याच केळीच्या वाडीत काढला होता. पोस्टरवर नायिकेचा मोठा चेहरा होता, तरी तिकिटं अकराच गेली होती.

"तुळशीकाका, जन्मभर पोस्टरं चिकटवलीत तुम्ही. आता काय करू?"

"सिनेमातल्या लग्नाच्या पंगतीत कुणाकुणाला बसवलं होतंस?"

"अख्ख्या गावाला!"

मी कागदावर ठळक अक्षरांत त्या सगळ्यांची नावं लिहिली आणि खळ लावून चर्चच्या वाटेवर, बाजारात चिकटवली. जागा संपली म्हणून बॅप्टिस्टचं नाव तेवढं राहिलं.

दुसऱ्या दिवशी तो तणतणत आला. "तुळश्या, पहिल्या पानावर बसलो होतो मी! माझं नाव कुठाय?"

"सिनेमात आहेस का, ते शनिवारी बघ."

"नसलो तर तुझी खैर नाही," म्हणत त्यानं व्याह्यांसकट चौदा तिकिटं घेतली.

बाकीचे मात्र आपलं नाव वाचून खूश होत आणि तसेच पुढे जात. संध्याकाळी मी खळीचा डबा घेऊन पुन्हा बाहेर पडलो आणि आणखी दहा नावांवर कोरा कागद चिकटवला.