आमची ही ऐकतच नाही

"मी ताट टाकतो. तू फक्त तिच्याकडे बघ," टाइमकीपर आपल्या मुलीच्या कानाशी कुजबुजला. कुजबुजला, कारण त्याच्या मते बायकोला सगळं ऐकू येत होतं.

बायको खिडकीपाशी पाठमोरी बसून कुणाच्या तरी कोटाला बटणं लावत होती. मेंदूत दोन्हीकडे रक्तस्राव झाल्यापासून तिचं जग ठार मुकं झालं होतं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. कान धडधाकट आहेत, पण आवाज ओळखणारा मेंदूचा भाग गेला. मोठा आवाज झाला तर अंग दचकेल, ऐकू मात्र येणार नाही. टाइमकीपरने त्यातलं 'कान धडधाकट आहेत' एवढंच घरी आणलं. 'आमची ही ऐकतच नाही' हा विनोद तो लग्नापासून चारचौघांत करत आला होता. आता त्याला डॉक्टरांचा दुजोरा मिळाला. तिच्याशी कागदावर लिहून बोलणं त्याने लगेच बंद केलं. म्हणाला, सोंगाला खतपाणी कशाला घालायचं? अशा माणसाबद्दल 'तसा मनाने वाईट नाही' म्हणायची पद्धत आहे. हा होता.

मुलगी मात्र लिहायची. ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवणारा एक वर्ग तिने खटपट करून शोधला होता आणि आज ती आईला तिकडे न्यायला आली होती. आई सकाळपासून ठेवणीतले कपडे घालून तयार होती.

ताट फरशीवर आदळलं. आईचे खांदे उडाले, सुई बोटात घुसली. आपण का दचकलो ते तिलाच कळेना. तिने वळून दाराकडे पाहिलं.

"कोण आलंय का गं?"

"घे. आता तूच ठरव," टाइमकीपर म्हणाला.

मुलगी आईसमोर जाऊन उभी राहिली. हातातलं पेन तिने पर्समध्ये टाकलं.

"आई, माझ्याशीसुद्धा सोंग?"

आई तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहिली. वर्गाला जायच्या आधीच लेकीला जमवून दाखवायचं होतं तिला. मग ती खुलली.

"चहा ना? टाकते की. पिऊनच निघू," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली.

"विषय कसा बदलला बघितलंस?" टाइमकीपर म्हणाला आणि मुलीला बसपर्यंत सोडायला निघाला. मुलीने दार धाडकन ओढून घेतलं.

तीन कप घेऊन आई बाहेर आली, तर खोलीत कोणी नव्हतं. पुढे होऊन रिक्षा बघत असतील, असं वाटून तिने दोन कपांवर बशा झाकल्या, आपला चहा घाईघाईने संपवला आणि पिशवी मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसली.