चढावरचं घर

कॉरिडॉरच्या टोकाला ठेवलेल्या खुर्चीला वळसा घालून अल्लाल परत फिरला आणि भिंतीला हात टेकून उभा राहिला.

“नाकानं श्वास घ्या, काका. ओठ आवळून सावकाश सोडा,” त्याच्या बोटाला लावलेलं यंत्र बघत इक्राम म्हणाली. दवाखान्यात फुप्फुसाच्या रुग्णांकडून ती व्यायाम करून घ्यायची. “सहा मिनिटांत तीनशे दहा मीटर! पहिल्या दिवशी दीडशेसुद्धा जमले नव्हते.”

“चढावर किती जमतील?”

“कुठल्या चढावर?”

अल्लाल पुन्हा खुर्चीच्या दिशेनं चालू लागला.

जराडा गावच्या कोळशाच्या खाणीत तो आणि बूझियान एकोणीस वर्षं एकाच पाळीला उतरले होते. खाण बंद झाली. तिची धूळ दोघांच्या छातीत राहिली. बूझियानचं घर चढाच्या माथ्यावर, अल्लालचं पायथ्याशी. बायको गेल्यापासून अल्लाल तिथं एकटाच असायचा. वर गाडी जात नव्हती आणि खेचरावर बसून जायची दोघांनाही लाज. तीन वर्षांत भेट नव्हती. फोन मात्र रोज.

“दवाखान्यात चालायला शिकतोस म्हणे! दात आले का रे?” बूझियान चिडवायचा.

“वर येऊन तुझे पाडतो, मग बघ.”

अलीकडे बूझियान बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा. मग त्याची बायको यम्ना फोन घ्यायची. “चहा ओततायत,” म्हणायची.

शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर अल्लाल निघाला. वीस पावलं, मग थांबायचं. पुन्हा वीस. दारात लोकर पिंजत बसलेल्या बाईनं विचारलं, “कुणाकडे निघालात?” त्यानं नुसता हात वर केला. बोलण्यात श्वास घालवणं परवडणारं नव्हतं.

माथ्यावर पोचायला पाऊण तास लागला.

यम्नानं दार उघडलं आणि तोंडावर हातच ठेवला. आत बूझियान तीन उशांना टेकून बसला होता. नाकात ऑक्सिजनची नळी, पाय सुजलेले, ओठ निळसर.

 अल्लाल पलंगाच्या कडेला बसला. खोलीत दोघांच्या श्वासांचा आवाज होता.

“ओठ आवळ,” तो म्हणाला. “हं. आता सावकाश सोड. घाई नको.”

बूझियाननं मुकाट्यानं ऐकलं. थोड्या वेळानं म्हणाला, “आलास खरा... पण खाली कसा जाणार?”

अल्लालनं कोटाच्या खिशातून आपल्या औषधांची पुरचुंडी काढली आणि खिडकीत बूझियानच्या बाटल्यांशेजारी ठेवली.

“वहिनी,” तो म्हणाला, “माझंही अंथरूण इथंच घाला.”